खाण आणि व्हाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक लोहखनिजाच्या खाणींबद्दल आहेत. चिरे (जांभा दगड), वाळू आणि कोळसा यांच्याबद्दलचे शेवटाकडे आहेत. क्रमाने वाचायलाच हवे असे नाही. कुणी व्हाळ म्हणते, कुणी ओहोळ, कुणी नाला. इथे तिन्ही शब्दांचा अर्थ एकच.

१. पाणलोट म्हणजे नक्की काय? आमच्या गावात तर धरणच नाही.

पाणलोटाला धरण लागत नाही. व्हाळात कुठेही उभे राहा आणि वर बघा. जिथे जिथे पडलेला पाऊस शेवटी तुमच्या पायापाशी येतो, ती सगळी जमीन म्हणजे त्या जागेचा पाणलोट. कौलारू घर डोळ्यासमोर आणा: आढ्याच्या अलीकडचे पाणी अंगणातल्या पागोळ्यांना, पलीकडचे परसात. डोंगराचा माथा हे पाणलोटाचे आढे. आपल्याकडच्या बऱ्याच खाणी नेमक्या या आढ्यावर किंवा त्याच्या कुशीत आहेत. त्यामुळे खाणीचा खंदक रुंदावत गेला की आढेच सरकते, आणि एका गावाच्या वाट्याचे पाणी खंदकात किंवा दुसऱ्याच उतारावर जाते. नकाशावर दोन्ही व्हाळ जागच्या जागी दिसतात, म्हणून हा बदल पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

२. पाऊस ऑक्टोबरात संपतो. मग फेब्रुवारीत व्हाळात पाणी येतं कुठून?

डोंगराच्या पोटातून. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यातले बरेचसे पाणी सरळ वाहून जाते. उरलेले वरच्या चिऱ्याच्या दगडातल्या भोकांतून आणि भेगांतून खाली मुरते. त्याखाली भुसभुशीत खनिजाचा थर असतो, खाणीवरची माणसे ज्याला फाइन्स किंवा पावडर म्हणतात तो. हा थर पाणी धरून ठेवतो. त्याच्या खाली आणि बाजूला चिकण माती, जिच्यातून पाणी जवळपास जातच नाही. जिथे हा चिकण थर डोंगराच्या उतारावर उघडा पडतो, तिथे पाणी बाहेर येते. तीच तुमची झर.

थोडक्यात, खाणवाल्याच्या लेखी जो माल, तेच गावाचे पाण्याचे टाके. पुढचे जवळजवळ प्रत्येक उत्तर या एका वाक्याकडे परत येते.

वायंगण शेती, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती, या टाक्यावर चालते आणि कुळागराचा, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेचा, पाटही. म्हणून जुनी माणसे पाणी लिटरमध्ये सांगत नाहीत, सणात सांगतात: ‘शिगम्यापर्यंत पाट वाहायचा.’ हे मोजमाप वाटते त्यापेक्षा चांगले आहे (प्रश्न ११ पाहा).

३. खाण वर डोंगरावर, व्हाळ खाली अर्ध्या किलोमीटरवर. मग तो आटतो कसा?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. खाणीचे ट्रक व्हाळाजवळ फिरकतही नाहीत, म्हणून संबंध नाही असा अनेकांचा समज असतो.

पहिली गोष्ट टोपीची. खनिजापर्यंत पोचायला वरचा चिऱ्याचा थर काढावा लागतो. पाणी मुरवणारा थर तोच. तो काढून खाली उघडी पडलेली चिकण माती रोलरखालून, डंपरच्या चाकांखालून सिमेंटसारखी दबते. तिच्यावर पडलेला पाऊस मुरत नाही, घसरतो.

दुसरी गोष्ट खंदकाची. खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की चारही बाजूंनी पाणी त्यात झिरपू लागते. कामगारांना आणि यंत्रांना कोरडी जागा हवी, म्हणून पंप लावून ते उपसावे लागते. गोव्यातले काही खंदक समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले आहेत. आता विचार करा: तुमची झर डोंगराच्या मध्यावर, आणि तिला पाणी देणाऱ्या टाक्याच्या तळाला कुणीतरी मोठे भोक पाडून दिवसरात्र उपसा चालवला आहे. पाणी आधी तळाकडे जाणार. झर हे टाक्याचे वरचे तोंड, ते आधी कोरडे पडणार.

तिसरी गोष्ट डंपची, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाची. एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती आणि टाकाऊ माल काढावा लागतो. तो कुठेतरी टाकावाच लागतो, आणि सोयीची जागा म्हणजे शेजारची घळ. ती घळ म्हणजे कुठल्यातरी व्हाळाचा उगम.

यात एक गोम आहे. वर्षभरातले एकूण पाणी मोजले तर फारसे कमी झालेले दिसत नाही, कधी थोडे वाढलेलेही दिसते. कारण मुरायचे तेही वाहून जाते. बिघडते ते वेळापत्रक. जुलैतले पाणी वाढते आणि मार्चमधले नाहीसे होते. एखाद्या अहवालात ‘वार्षिक जलउपलब्धतेवर लक्षणीय परिणाम नाही’ असे वाक्य दिसले तर ते खोटे असेलच असे नाही, पण तुमच्या प्रश्नाचे ते उत्तर नाही. महिनावार आकडे मागा.

४. आमच्याकडे उलटंच झालं. खाण सुरू झाली आणि उन्हाळ्यात व्हाळाला पाणी वाढलं. मग खाण चांगलीच म्हणायची का?

असे होते, आणि बऱ्याच ठिकाणी झाले आहे. खंदकातून उपसलेले पाणी कुठेतरी सोडावे लागते. ते तुमच्या व्हाळात सोडले जात असणार. कुळागराला पाणी मिळते, लोक खूष असतात, पंचायतीत कुणी तक्रार करत नाही. पण ते पाणी नवे नाही. डोंगराच्या टाक्यातले पाणी झरीने जेवढ्या सावकाश दिले असते त्याहून जास्त वेगाने आज बाहेर काढले जात आहे, कदाचित शेजारच्या गावाच्या झरीच्या वाट्याचेही. बँकेतली मुदत ठेव मोडून महिन्याचा खर्च भागवला तर घर काही महिने श्रीमंत वाटते, तसेच.

पंप बंद झाला की खरे चित्र दिसते. १० सप्टेंबर २०१२ ला गोवा सरकारने खाणी स्थगित केल्या, त्यानंतर ‘खाण बंद झाली आणि आमचा व्हाळही आटला’ अशा तक्रारी आल्या. त्यावरून काहींनी खाण चालू असणे पाण्यासाठी चांगले असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा आहे. व्हाळ आधीच आटलेला होता. पंपाने ते झाकून ठेवले होते.

ओळखायचे कसे? पंपाचे पाणी विजेबरोबर किंवा डिझेलबरोबर चालते-थांबते. रविवारी किंवा सणाच्या सुटीत पातळी उतरली आणि दुसऱ्या दिवशी वाढली तर ते झरीचे पाणी नाही. झर सुटी घेत नाही.

५. पाऊस तेवढाच, मग आता पूर का येतो?

अर्धे उत्तर प्रश्न ३ मध्ये आले: पाणी मुरत नाही म्हणून एकदम धावते. एका हेक्टरवर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला तर ते तीन कोटी लिटर पाणी होते. दहा हेक्टरच्या खंदकात नुसत्या डोक्यावरच्या पावसाने वर्षाला तीस कोटी लिटर साठू शकते. आजूबाजूच्या उतारांवरून येणारे वेगळेच. हे पाणी एखाद्या मातीच्या बांधामागे उभे असेल आणि बांध फुटला तर ते व्हाळाच्या मापाचे राहत नाही. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाने हे अनुभवले. खाणीतला पाण्याचा साठा फुटून चिखलाचा लोट घरांत, शेतांत आणि बागायतीत घुसला.

उरलेले अर्धे उत्तर गाळाचे. व्हाळाचे पात्र गाळाने उथळ झाले की पूर्वी दोन्ही काठांत मावणारे पाणी आता शेतात पसरते. मांडवीत आणि तिच्या उपनद्यांत भरतीचे पाणी बरेच आत येते. भरतीच्या वेळेला वरून लोंढा आला आणि पात्र उथळ असेल तर पाण्याला जायला वाट उरत नाही.

तरीही एक सांगतो: प्रत्येक पूर खाणीच्या माथी मारू नका. भराव टाकून बांधलेले रस्ते, बुजवलेली शेते आणि अरुंद मोऱ्या हेही तितकेच खरे गुन्हेगार आहेत, आणि ते आपल्याच गावचे असतात म्हणून त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

६. लाल पाणी हा फक्त घाणीचा प्रश्न आहे ना? प्रवाहाशी त्याचा काय संबंध?

मोठा संबंध आहे. ही माती इतकी बारीक असते की व्हाळाच्या तळाच्या वाळूतल्या फटी ती बुजवून टाकते. व्हाळाचा तळ म्हणजे गाळणी; तिच्यातून पाणी खाली विहिरींकडे जाते आणि उन्हाळ्यात तिथूनच वर येते. गाळणी बुजली की दोन्ही वाटा बंद. सुकलेल्या व्हाळात मार्चमध्ये कुदळ मारून बघा. वर एक-दोन बोटे जाडीचा लालसर, साबणासारखा गुळगुळीत पापुद्रा निघतो, आणि त्याच्या खालची वाळू कधी कधी ओली असते. तो पापुद्राच सगळे सांगतो.

शेतात हाच गाळ बसला की जमीन पाणी पीत नाही. सत्तरीतल्या पिसुर्ल्याच्या शेतकऱ्यांनी हे वर्षानुवर्षे भोगले आहे.

७. शेजाऱ्याच्या विहिरीला भरपूर पाणी, माझी कोरडी. दोन्ही खाणीपासून सारख्याच अंतरावर. मग खाणीचा दोष कसा?

अंतर हा इथे कच्चा निकष आहे. गोव्यातले खनिजाचे थर साधारण वायव्य-आग्नेय दिशेने लांबट पसरलेले आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना चिकण मातीच्या जणू भिंती आहेत. खंदकातला उपसा त्या थराच्या लांबीच्या दिशेने दूरवर ओढ लावतो. भिंतीपलीकडे मात्र फारसा पोचत नाही. त्यामुळे थराच्या रेषेत किलोमीटरभर लांब असलेली विहीर आटते आणि भिंतीआड शंभर-दोनशे मीटरवरची टिकते. तुमची विहीर खणताना शेवटी काय लागले होते, पावडर, चिरा की चिकण माती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्यावरून तुम्ही कुठल्या टाक्यावर आहात ते कळते.

डिचोलीतल्या शिरगावच्या लोकांना विहिरी आटल्याच्या तक्रारी घेऊन उच्च न्यायालयात जावे लागले. लईराई देवीच्या जत्रेला लाखोंनी माणसे येतात ते हे गाव. तिथेही ‘या विहिरीला पाणी आहे, मग त्या विहिरीचे काय’ हा वाद झालाच.

८. खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली. झर परत का येत नाही?

सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ ला गोव्यातल्या ८८ लीजांचे (खाणपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. पुढे लिलाव होऊन २०२४ मध्ये काही पुन्हा सुरू झाल्या. मधली सहा वर्षे बहुतेक खंदक गप्प होते. या काळात पाणी परत यायला हवे होते असे वाटणे साहजिक आहे. काही ठिकाणी विहिरी सावरल्याही. झरींचे मात्र तसे झाले नाही, आणि त्याला कारणे आहेत.

समजा तुमची झर समुद्रसपाटीपासून ६० मीटर उंचीवर होती. पंप थांबल्यावर खंदक भरू लागला आणि ३५ मीटरवर स्थिरावला, कारण तिथे त्याला बाहेर पडायला वाट मिळाली किंवा तिथून कुणी पाणी उचलू लागले. आता आसपासच्या जमिनीतले पाणी त्या पातळीकडे ओढले जाणार. झरीला पाणी मिळायचे तर ते पुन्हा साठच्या वर चढायला हवे, आणि ते चढवणारा डोंगरच आता तिथे नाही.

शिवाय टाके भरणारी चिऱ्याची टोपी गेलेली आहे. झरीचे तोंड कदाचित डंपखाली आहे. व्हाळाचा तळ बुजलेला आहे (प्रश्न ६). आणि उघड्या खंदकातले पाणी उन्हाने उडते, डोंगराच्या पोटातले उडत नव्हते.

बंद खाण म्हणजे थांबलेले नुकसान, भरून आलेले नुकसान नव्हे. यावर अनेकजण नाराज होतात, पण मला खोटी आशा देता येत नाही.

९. खंदकात तर तळी भरली आहेत. तेच पाणी उन्हाळ्यात नदीत सोडलं तर प्रश्नच मिटला!

पूर्णपणे नाकारण्यासारखी सूचना नाही ही. खांडेपार नदीची पातळी उन्हाळ्यात उतरली की खंदकांतले पाणी सोडून ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला पुरवठा करण्याचे मार्ग सरकारने वापरले आहेत. फोंडा आणि तिसवाडीच्या नळाला येणारे पाणी ओपातून येते, त्यामुळे पणजीत बसून खाणीच्या पाण्याशी आपला संबंध नाही असे कुणी समजू नये.

पण नदीच्या प्रकल्पाला पाणी मिळाले म्हणून व्हाळ जिवंत होत नाही. खंदकातले पाणी पाइपने नदीपर्यंत जाते. मधल्या चार वाड्यांचा पाट कोरडाच राहतो. दुसरे, खंदकातून किती उचलायचे याचा हिशेब हवा. फार खाली उपसले तर प्रश्न ३ मधलीच गोष्ट पुन्हा सुरू, फक्त पंपावरचे नाव बदलले. आणि पिण्यासाठी वापरायचे तर लोह व मँगेनीजची तपासणी करूनच. पाणी निळेशार दिसते म्हणून ते चांगले असते असे नाही. गाळ खाली बसला एवढाच त्याचा अर्थ.

१०. पाऊसच अनियमित झालाय, बोअरवेल वाढल्यात. सगळा दोष खाणीलाच का?

प्रश्न रास्त आहे, आणि विरोधी बाजूचा वकील तो विचारणारच. उत्तर जोडीच्या व्हाळात आहे. तुमच्या व्हाळाइतकाच मोठा, तसाच उतार, तसेच रान असलेला, पण वर खाण नसलेला एक व्हाळ जवळपास शोधा. दोन्हींवर पाऊस सारखाच पडतो. वाईट वर्षी दोन्ही लवकर आटतील. पण एक दरवर्षी होळीपर्यंत आणि दुसरा नाताळालाच आटत असेल, तर पावसाचे कारण गळून पडते. बोअरवेलचेही असेच: दोन्हीकडच्या मोजून लिहा. त्या खाणीकडच्या बाजूला जास्त असतील तर तेही प्रामाणिकपणे लिहा. लपवलेली गोष्ट समोरच्याने काढली की बाकीच्या दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो.

११. आम्ही गावकरी स्वतः प्रवाह मोजू शकतो का? उपकरणं महाग असतील.

बादली, घड्याळ आणि वही. लहान झरीला एवढे पुरते. १५ लिटरची बादली १० सेकंदांत भरली तर सेकंदाला दीड लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १ लाख ३० हजार लिटर. तीन वेळा भरा, मधला आकडा घ्या.

व्हाळ मोठा असेल तर फळीचा बांध. जाड फळीला काटकोनात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडा, फळी व्हाळात आडवी घट्ट बसवा, बाजूने आणि खालून चिखल लावून गळती थांबवा. खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच आहे ते फळीच्या मागे थोडे लांब, म्हणजे पाण्याला उतार लागण्याआधीच्या जागी, पट्टीने मोजा. १० सेंटिमीटर उंची असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर, २० सेंटिमीटर असेल तर जवळजवळ २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीहून जास्त होते, म्हणून पट्टी वाचताना अर्ध्या सेंटिमीटरची चूकही महागात पडते.

पहिल्या वर्षी मी स्वतः मोठी चूक केली. कधी सकाळी मोजायचो, कधी दुपारी, आणि आकडे असे उड्या मारायचे की काही कळेना. शेवटी वरच्या अंगाला चालत गेलो तेव्हा दिसले, एका कुळागरातला पंप रोज सकाळी सात ते दहा चालायचा. तेव्हापासून ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आणि वरच्या पंपांची नोंद. आठवड्यातून एकदा पुरे. सुरुवात पाऊस थांबल्यावर करा, शेवट पहिल्या वळवापाशी. व्हाळ ज्या दिवशी वाहायचा थांबला ती तारीख लाल पेनाने लिहा. पाच वर्षांच्या पाच तारखा हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा.

आजोबा-आजींच्या आठवणीही लिहून घ्या, सणासकट. ‘तुळशीच्या लग्नाला व्हाळात भांडी घासायचो’ यातून महिना मिळतो, आणि कुठल्या दगडापाशी घासायचो यातून जागाही.

१२. पर्यावरण अहवालात ‘परिणाम नाही’ असं लिहिलंय. वाचायचं काय?

चारशे पानांत हरवू नका. आधी मूळ आकडे कुठल्या महिन्यांत घेतले ते बघा. नेहमीची पद्धत पावसाळा सोडून एका हंगामाचे आकडे घेण्याची. एका हंगामाच्या नोंदीतून वेळापत्रक कसे दिसणार? मग लीजच्या आतून किंवा कडेने जाणाऱ्या व्हाळांची यादी बघा. हंगामी व्हाळांचाही उल्लेख आणि ते वळवणार असल्यास तपशील देणे अपेक्षित असते. मग खंदकाची शेवटची खोली आणि भूजलाची पातळी, दोन्ही समुद्रसपाटीपासून, एकाच तक्त्यात आहेत का. नसतील तर दोन पाने शोधून तुम्हीच शेजारी शेजारी लिहा. खंदक भूजलाखाली जाणार असेल तर सविस्तर भूजल अभ्यास मागण्याचा तुमचा मुद्दा पक्का.

जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी यायला हवी. तिथे भाषणापेक्षा लेखी निवेदन द्या, पोच घ्या.

१३. खाणीला हवं तेवढं पाणी उपसायची मुभा असते का?

नाही. भूजलात हात घालायचा तर परवानगी लागते. गोव्यात २००२ चा भूजल नियमन कायदा आहे, महाराष्ट्रात २००९ चा भूजल अधिनियम. केंद्रीय भूजल प्राधिकरणाची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. परवानगीत किती उपसा आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदी कशा ठेवायच्या याच्या अटी असतात. त्या नोंदी माहिती अधिकारात मागता येतात. तुमच्या वहीतल्या तारखा आणि त्यांच्या नोंदी एकमेकांशेजारी ठेवल्या की बोलणे सोपे होते.

१४. डंपवर झाडं लावली आहेत, हिरवंगार दिसतं. आता तरी पाणी मुरेल ना?

माती वाहून जाणे कमी होईल, आणि तेवढ्यासाठी झाडे हवीतच. पण डंप म्हणजे मिसळलेली, दबलेली चिकण माती. तिच्यावर ऑस्ट्रेलियन अकेशिया उभा केला म्हणून चिऱ्याचा सडा (डोंगराचा सपाट माथा) तयार होत नाही. डंपच्या पायथ्याला दगडी भिंत आणि गाळ बसायला टाक्या आहेत का, त्या मे महिन्यात उपसल्या जातात का, हे झाडांपेक्षा आधी तपासा. भरलेली टाकी म्हणजे नसलेली टाकी.

१५. चिरेखाणींचं काय? त्या तर खोल नसतात.

बहुतेक चिरेखाणी भूजलाच्या वरच थांबतात, म्हणून पंपाचा प्रश्न सहसा येत नाही. काही सोडलेल्या चिरेखाणींत पाणी साठते आणि थोडे मुरतेही. धोका सड्याच्या कडेला आहे. चिरा जिथे संपतो आणि चिकण माती सुरू होते, नेमकी तिथे झर असते. त्या कडेला खाण असेल किंवा एका सड्यावर वीस-पंचवीस असतील तर परिणाम दिसतो. एकट्यादुकट्या चिरेखाणीवर मी फार ओरडणार नाही.

१६. वाळू उपशाने तर नदी खोल होते. पाणी जास्त साठेल की?

हा गैरसमज महाराष्ट्रातून जास्त येतो. वाळू हेच साठवण आहे. ओल्या वाळूच्या एका घनमीटरमधून ढोबळमानाने दोनशे लिटर पाणी मिळते, तेही उन्हापासून झाकलेले. वाळू गेली की ते गेले. पात्र खाली गेले की काठच्या विहिरींचे पाणी नदीकडे उतरते. नदीला पाणी दिसते, विहीर मात्र कोरडी. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाळूसारख्या गौण खनिजांच्या पाच हेक्टरांखालच्या खाणींनाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली, ती याच पार्श्वभूमीवर.

१७. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींना हेच लागू होतं का?

तत्त्व तेच, तपशील वेगळे. तिथे पाऊस कमी, जमीन सपाट, आणि कोळशाच्या वर पाणी धरणारा कामठी वालुकाश्म. उघड्या खाणींतून उपसलेले पाणी नाल्यांना बारमाही करते, त्यामुळे प्रश्न ४ तिथे जास्तच लागू. सपाट मुलखात व्हाळाऐवजी नदीकाठच्या मातीच्या ढिगांवर लक्ष ठेवा. वर्धा आणि इरईसारख्या नद्यांना पुरात पसरायला जी जागा लागते, ती हे ढीग अडवतात.

१८. खाण महाराष्ट्रात, व्हाळ वाहून येतो गोव्यात. तक्रार कुठे करायची?

दोन्हीकडे. कळणे नदी सिंधुदुर्गातून पेडण्याकडे उतरते, त्यामुळे हा प्रश्न कागदी नाही. खाणीच्या अटींचे उल्लंघन असेल तर खाण ज्या राज्यात आहे तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या विभागीय कार्यालयाकडे. नुकसान जिथे झाले तिथल्या जलसंपदा खात्याकडे आणि मामलेदाराकडे. राष्ट्रीय हरित लवादाचे पुण्यातले खंडपीठ दोन्ही राज्यांसाठी एकच आहे, ही त्यातल्या त्यात सोय.

१९. जिल्हा खनिज निधीतून पाणी मिळतं म्हणतात. खरं का?

२०१५ पासून लीजधारकाने रॉयल्टीशिवाय वेगळी रक्कम या निधीत भरायची असते: लिलावातल्या लीजसाठी रॉयल्टीच्या १० टक्के, त्याआधीच्यांसाठी ३० टक्के. पिण्याचे पाणी प्राधान्याच्या यादीत आहे. बहुतेक गावे टँकर मागतात. मी म्हणेन व्हाळातला गाळ काढणे, झरीची बांधणी आणि मोजमापाची चौकी मागा. टँकरचे पाणी संध्याकाळी संपते.

२०. आमचा व्हाळ नकाशावरच नाही. अधिकारी म्हणतात, व्हाळ अस्तित्वातच नव्हता.

दुर्दैवाने हे नेहमीचे आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर लहान व्हाळ बऱ्याचदा येत नाहीत, आणि खाणीचा आराखडा करताना तोच नकाशा उचलला जातो. गावचे जुने सर्व्हे प्लॅन काढा. शेतांच्या हद्दी व्हाळाच्या काठाने वळलेल्या दिसतात. मोरी, साकव, जुना दगडी बांध, पाटाची खूण, यांचे तारखेसह फोटो घ्या. कुळागराच्या जुन्या कागदपत्रांत ‘पूर्वेस व्हाळ’ अशी चतुःसीमा लिहिलेली सापडते. हा पुरावा कुणाला सहज उडवता येत नाही.

खाण अजून आली नसेल तर आजच करण्यासारखे एक काम आहे. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही असते. तीत गावातली प्रत्येक झर, तिचे गावातले नाव, ती कुठल्या महिन्यापर्यंत वाहते आणि तिच्यावर कुणाचा पाट आहे, हे लिहून घ्या आणि ग्रामसभेत ठराव करून त्याची प्रत घरी ठेवा.